बिनटाक्याची गोधडी

विहीण आपल्या घरी दोन दिवस राहिली तर पाहुणी, आठ दिवस राहिली तर मोठी पाहुणी. पण उन्हाळाभर राहिली तर तिला काय म्हणायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या सुनेची आई, भागीरथाबाई, थंडी सरता सरता आमच्याकडे आल्या आणि मे संपत आला तरी इथेच होत्या. तेवढ्यात आमची भांडणं किती झाली म्हणता! पण बाई मनात अशी ठाण मांडून बसली की आता तिच्याबद्दल कोणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचं घर नागपूरच्या नंदनवन वस्तीत. मी लतिका, सरकारी कचेरीतून निवृत्त. आमचे हे, विश्वनाथराव, तेही कचेरीतूनच निवृत्त, त्यामुळे घरात दोन साहेब आणि शिपाई कोणीच नाही. मुलगा विहंग आणि सून वैभवी दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत. वैभवी काटोलकडची, शेतकऱ्याची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीत, पण इथे ती चालणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी वैभवीला दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगा होता. त्यावर घरात कोणी बोलत नसे. मी सुद्धा नाही, आणि मी गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध नाही. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दवाखान्यापासून लांब जायचं नाही. मग मीच मनोहररावांना, म्हणजे आमच्या व्याह्यांना फोन केला. म्हटलं, लेक माहेरी येऊ शकत नाही ना, मग माहेर इकडे पाठवून द्या. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायला ते स्वतः मागे राहिले आणि बायकोला एसटीत बसवून दिलं.

भागीरथाबाई उतरल्या त्या एका हातात कापडाचं बोचकं आणि दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन. खांद्यावरच्या पिशवीत तूरडाळ, तिखट, मीठ सुद्धा. मी म्हटलं, हे काय? नागपुरात मीठ मिळत नाही का?

"मी माह्या हातानं वेगयं करून खाईन, विहीनबाई. तुमी मनावर घेऊ नोका. लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं खात नाई आमच्यात."

माझं डोकंच फिरलं. एका घरात दोन चुली? यमुताई समोरच राहतात, संध्याकाळपर्यंत अख्ख्या नंदनवनात बातमी, की लतिकाबाई विहिणीला जेवायला घालत नाहीत.

"भागीरथाबाई," मी म्हटलं, "हे घर कोणाच्या नावावर आहे? माझ्या. टॅक्सची पावती माझ्या नावानं येते. वैभवी इथे राहते ती माझी सून म्हणून. तुम्ही लेकीच्या घरी आल्याच नाही. विहिणीच्या घरी आल्या. विहिणीकडचं खायला तुमच्यात मनाई आहे का?"

 बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "वकील व्हाले पायजे होतं तुमी," म्हणाल्या आणि पिठाचा डबा माझ्या ओट्यावर ठेवून दिला. त्या दिवसापासून माझ्या हातचं खाल्लं. पण वैभवीनं मोबाइलवरून मागवलेल्या फळांना शेवटपर्यंत हात लावला नाही. ती लेकीच्या पगाराची होती.

आता भिंतीचं सांगते, कारण खरी गोष्ट भिंतीचीच आहे.

निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात, मी गोधड्या शिवायला लागले. कोणाकडे शिकले म्हणाल तर मोबाइलवर. त्यात एक परदेशातली बाई कापडाचे तुकडे शिवण्याआधी भिंतीवर लावायची, लांब उभी राहून पाहायची, हा इकडे, तो तिकडे करायची. डिझाइन वॉल म्हणतात त्याला. मला ते इतकं पटलं! नाहीतर मी पलंगावर तुकडे मांडायचे आणि रात्री हे त्यावरच येऊन झोपायचे.

गांधीबागेतल्या कापडबाजारात गेले, पांढरं फलालीन मागितलं. तेच ते मऊ, लव असलेलं, बाळाच्या दुपट्यांना वापरतात ते. दुकानदारानं थान उलगडता उलगडता विचारलं, "काकू, नातू आला का?"  "भिंतीसाठी पाहिजे," मी त्याच्यावर खेकसले. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

थर्माकोलचे दोन मोठे पत्रे एकमेकांना चिकटपट्टीनं जोडले, वरून फलालीन ताणून बसवलं, कडा मागे वळवून पक्क्या केल्या. एकही सुरकुती ठेवली नाही. हॉलमधली सोफ्यासमोरची भिंत तेवढी मोठी होती, तिथे ह्यांनी खिळे ठोकले. फळा जरासा मागे कललेला ठेवला, म्हणजे तुकडे खाली येत नाहीत. ठोकता ठोकता म्हणाले, "लोक भिंतीला रंग देतात. तू तिला स्वेटर घालून राहिली." मी लक्ष दिलं नाही. गंमत अशी की सुती कापडाचा तुकडा त्या लवेवर नुसता तळहातानं दाबला की धरून राहतो. ना टाचणी, ना डिंक. काढला की निघतो, दुसरीकडे लावला की लागतो.

आणि मग मी त्या भिंतीवर लहानशी गोधडी मांडायला घेतली. हत्तींचं कापड, चांदण्यांचं कापड, पिवळे चौकोन, निळे चौकोन. कोणासाठी ते मनातल्या मनात सुद्धा म्हटलं नव्हतं. भागीरथाबाई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या. चेहरा पार उतरला.

"हे कोनासाठी वं?" त्या म्हणाल्या. घाबरल्या की मला 'वं' म्हणायच्या, एरवी विहीनबाई.

"कोणासाठी म्हणजे? येणाऱ्यासाठी."

त्या पुढे झाल्या. एक तुकडा काढला, उलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. परत लावला. दुसरा काढला. मी विचारलं, काय पाहता?

"सुई लागली का पाहून राहिली."

एकालाही लागली नव्हती. नुसते कापलेले चौकोन होते. सगळे पाहून झाल्यावर त्या सोफ्यावर बसल्या आणि गुडघे चोळायला लागल्या. "येनाऱ्याच्या आधी सुई नाई लावाची, विहीनबाई. लेकराच्या आधी लेकराचं शिवाचं नाई."

तसं पाहिलं तर आमच्याकडेही आधी काही आणत नाहीत. पण मी कचेरीत जन्म काढलेली बाई, अशा गोष्टींवर वाद घालायला मला आवडतं. तोंड उघडलं सुद्धा होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून वैभवीचा आवाज आला, मीटिंगमध्ये हसून कोणाशी तरी बोलत होती. मी तोंड मिटलं. फळा उतरवून ठेवते, म्हटलं.

"काहून?" त्याच म्हणाल्या. भिंतीकडे पाहत होत्या. गोधडीला, म्हणजे वाकळीला, त्या वाकय म्हणायच्या. "टाका नाई तर वाकय नाई. तुकडे हायेत हे. तुकडे कोनी पेटीत ठिवते, कोनी भिंतीले ठिवते. त्याले काय होते?"

म्हटलं, घ्या! मला वकील म्हणत होती ना?

असं ठरलं मग. मूल होईपर्यंत भिंतीवर पाहिजे तेवढं मांडायचं, पण सुई हॉलमध्ये आणायची नाही. टाचणीसुद्धा नाही. "टाचनी बी सुईचीच बहीन," हा भागीरथाबाईंचा कायदा. माझं शिवणयंत्र पलंगाखाली गेलं, वर चादर. यमुताई ब्लाउजला हूक लावून मागायला आल्या तर त्यांना मागच्या अंगणात बसवलं.

भागीरथाबाईंनी त्यांच्या गावात शिवलेल्या वाकळी मोजायला गेलं तर अर्ध्या गावाची लेकरं त्यांच्या टाक्यांवर झोपून मोठी झाली. कोणाच्या घरी दिवस भरत आले की जुनी लुगडी, धोतरं धुऊन ठेवायची आणि बाळाचं रडणं ऐकू आलं की त्या यायच्या. जमिनीवर अंथरायचं, कोपऱ्यातून धरायचं, कडेकडेनं फिरत फिरत आत सरकायचं आणि मध्यभागी संपवायचं. त्या बसण्यानंच गुडघे गेले. आता खाली बसलं तर उठवायला दोन माणसं लागतात. काही वर्षांपासून शिवणं सुटलंच होतं.

म्हणून त्या भिंतीचं त्यांना फार अप्रूप. उभ्या उभ्या वाकळ मांडता येते, ही गोष्टच त्यांना नवीन. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून किती वेळ उभ्या होत्या.

"जनमभर वाकयीवर बसून वाकय केली," म्हणाल्या. "दुरून कधी पाह्यलीच नाई. आपन जिथं बसलो असतो ना, तेवढंच नेमकं आपल्याले दिसत नाई."

हे वाक्य मला नंतर फार दिवस पुरलं.

आमचं पटलं असं मात्र समजू नका. माझ्या नव्या कापडावर त्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "खय हाय यात. लेकराच्या अंगाले टोचते." सगळे तुकडे गरम पाण्यात घालून खळ काढली. माझे हत्ती फिके झाले, मी दोन दिवस बोलले नाही. मग त्यांनी बोचकं सोडलं. स्वतःची जुनी लुगडी, मनोहररावांचं धोतर, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की बोटाला कापड लागलं हेच कळू नये. मी म्हटलं, धोतर पांढरं आहे, पांढऱ्या फलालीनवर दिसणार कसं? त्या म्हणाल्या, दिसाले कशाले पायजे, लागाले पायजे. मी मोबाइलमध्ये फोटो काढून, त्यातला रंग घालवून, गडद कुठे आणि फिकं कुठे ते तपासायची. त्या काही न तपासता भाजीची टोपली घेऊन भिंतीसमोरून जायच्या आणि जाता जाताच म्हणायच्या, "तो पिवळा बोंबलून राहिला." पाहिलं तर खरंच बोंबलत असायचा. पण मी मेलीनं लगेच कबूल केलं नाही. त्या झोपल्यावर बदलायचे.

एक गोष्ट मात्र मला उमजत नव्हती. अगदी मधला एक चौकोन त्या रिकामा ठेवायच्या. मला वाटलं, मध्यभागी संपवायची सवय आहे, ठेवला असेल. पण बाकी सगळं भरलं तरी तो रिकामाच. मी तिथे एक छान चांदणी लावली. सकाळी पाहते तर चांदणी काढून टीव्हीवर ठेवलेली. मी परत लावली. ती परत टीव्हीवर. मी विचारलं तर म्हणायच्या, "राहू द्या ना वं." असं चांदणीचं जाणं-येणं चालूच होतं. दोघीही हट्टी. हे म्हणाले, त्या चांदणीला आता पास काढून द्या.

एकदा यमुताई आल्या. पांढरी भिंत, भोवती रंगीत चौकोन, मधोमध मोकळी जागा. बाईंनी चप्पल दाराशीच काढली आणि हात जोडले. "कोणत्या देवाची स्थापना करून राहिले?" मला हसू आवरेना. पण भागीरथाबाई हसल्या नाहीत. "हाय एक," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मग एप्रिल आला. नागपूरचा एप्रिल मी कोणाला सांगायला नको. विहंगनं खिडकीतला कूलर धुतला, नवं गवत भरलं, आणि एका दुपारी वैभवी घामाघूम होऊन हॉलमध्ये आली म्हणून बटण दाबलं. कूलरचं तोंड नेमकं भिंतीकडे. एका झटक्यात सगळे तुकडे सुटले. लग्नात अक्षता पडाव्या तसे सोफ्यावर, जमिनीवर, वैभवीच्या डोक्यावर. विहंग हसला. वैभवीही हसली. भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी वैभवीचं डोकं दुखायला लागलं, पायावर सूज, बीपी वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतलं.

मी दवाखान्यातून घरी आले तर भागीरथाबाई अंधारात सोफ्यावर बसलेल्या. मांडीवर पदर, पदरात गोळा केलेले सगळे तुकडे. दिवा लावला तरी वर पाहिलं नाही.

"सांगतलं होतं मी मनाले, नोको पडू यात," म्हणाल्या. "आधी मांडलं, तेच चुकलं."

मी भडकले. भीती वाटली की मी भडकते, माझा स्वभावच तसा. "कूलर लावला म्हणून उडाले! वारा आला, कापड उडालं. ह्यात अपशकुन कुठला? उद्या तुमचं लुगडं दोरीवरून उडालं तर मनोहररावांना काही होणार आहे का?"  आणि खरं सांगू, मलाही तेव्हा माझं बोलणं पटत नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलमधला फोटो समोर ठेवून एकेक तुकडा परत लावायला घेतला. त्या आतबाहेर करत होत्या, भिंतीकडे पाठ करून जायच्या. वैभवीचा डबा भरला, कुकर लावला, माझ्याकडे पाहिलं नाही. मी पण हाक मारली नाही. दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन जाता जाता नजर गेलीच.

"तो हत्ती उलटा हाय," त्या म्हणाल्या.

"असू दे."

"पाय वर करून लेकराले काय दाखवतो तो?" तांब्या खाली ठेवला आणि येऊन हत्ती सरळ केला. मग शेजारचा निळा बदलला. मग पदर खोचला. मी बाजूला झाले, आणि पहिल्यांदा मला त्या बाईबद्दल माया वाटली, हे इथे सांगून टाकते.

वैभवी थोड्या दिवसांनी घरी आली, पण पडून राहायचं, अशी सक्त ताकीद. तिच्या खोलीत एसी होता. हॉलमध्ये मात्र कूलर बंद म्हणजे बंद. टाचण्या चालत नाहीत, कूलर लावला तर तुकडे उडतात. मग राहिलं काय? पंखा एकवर आणि आम्ही. मे महिना, नागपूर, आणि आमचे हे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेले. "ज्याच्यासाठी करून राहिले तो आल्यावर मी त्याला सांगणार आहे," म्हणायचे, "तुझा आजोबा तुझ्या गोधडीपायी भाजून निघाला." पण कूलरच्या बटणाला त्यांनीही हात लावला नाही. मनोहररावांचा फोन यायचा, "माही बायको वापस धाडता का नाई, का शिवून टाकली भिंतीले?" मी म्हणायची, शिवायला बंदी आहे व्याहीबुवा, नुसती लावून ठेवली आहे.

सकाळी जरा गार असायचं, तेव्हा वैभवी हॉलमधल्या दिवाणावर येऊन आडवी व्हायची, भिंतीकडे तोंड करून. एका सकाळी मी चांदणी हातात घेऊन उभी होते. रोजचंच.

"आई, मधलं काहून रिकामं आहे?" वैभवीनं आईला विचारलं.

"असंच."

"असंच काय?" मी म्हटलं. "रोज मी चांदणी लावते आणि रोज तुझी आई काढून ठेवते. आता तूच न्याय कर."

 वैभवी हळूच म्हणाली, "हिरवा कुठे आहे, आई? मागच्या वेळी तू फोनवर दाखवली होती ना मला गोधडी. तिच्यात मधे हिरवा होता. आजीच्या लुगड्याचा."

मागची वेळ. दोन वर्षांत हे शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कोणी उच्चारले होते. माझ्या हातातली चांदणी हातातच राहिली. आत कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही.

भागीरथाबाई आत गेल्या. बोचक्यातून एका जुन्या ब्लाउजची घडी काढून आणली आणि ती उलगडली. आत पोपटी हिरवा चौकोन, बाकी कुठल्याही तुकड्यापेक्षा मऊ. त्याच्या कडेनं बारीक बारीक भोकांची रांग होती. टाके उसवल्याची.

"पाचव्याच महिन्यात शिवली होती मी," त्या म्हणाल्या. लेकीकडे नाही, माझ्याकडे पाहून. "जनमभर दुसऱ्याच्या लेकरासाठी थांबली. माह्या स्वतःच्या नातवासाठी थांबनं नाई झालं. हौस झाली होती न मले. मंग जे झालं ते झालं. कोनी काई म्हनलं नाई मले. पन मीच म्हनतो ना मले. सगयी उसवली, एकेक टाका. बाकीचे तुकडे नदीत सोडले. हे नाई सोडवलं. ठिवता बी येत नाई, टाकता बी येत नाई."

म्हणजे इतके महिने ही बाई त्या मोकळ्या चौकोनासमोरून भाजीची टोपली घेऊन जात होती, आणि मी तिथे चांदण्या लावत होते!

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "भागीरथाबाई, का गेलं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं! बाळाच्या नाळेत दोष होता. तुमच्या सुईचं नाव कोणीही घेतलं नव्हतं!"

"तुमचं खरं हाय, विहीनबाई," त्या म्हणाल्या. "मले समजते. पन समजलं म्हनून काय मन ऐकते?"

मी हातातली चांदणी घडी करून ठेवून दिली.

वैभवी उठली. उठू नको म्हणून आम्ही दोघी एकदम ओरडलो, पण ती उठली. पोट सांभाळत आईजवळ आली, हिरवा तुकडा हातात घेतला, कडेच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"याले सुई लागली हाय, बाप्पा," भागीरथाबाई घाईनं म्हणाल्या. "हे नाई चालत."

"लागू दे," वैभवी म्हणाली. "तोही माझाच होता ना, आई? याचा मोठा भाऊ आहे तो. त्याला घरात एवढीशी जागा नको?"

तिनं तो तुकडा मध्यभागी ठेवला आणि तळहातानं दाबला. खूप वेळ दाबून धरला. भागीरथाबाई रडल्या. मोठ्यानं रडल्या, दोन वर्षांचं एकदम. वैभवीही रडली. मी दोघींना पाणी दिलं आणि मग आत जाऊन कुकरसमोर मीही रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मी आधी भिंत पाहिली. हिरवा जागेवर होता. टीव्हीवर काही नव्हतं.

मे संपत आला आणि एका सकाळी वैभवीला दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्याबरोबर विहंग आणि भागीरथाबाई गेल्या. मला घरी ठेवलं. का, तर मी डॉक्टरांशी भांडते म्हणे! मी विहंगला चांगलं सुनावलं, पण गाडी गेल्यावर गेटला धरून उभी राहिले.

ती सकाळ कशी गेली ते मलाच माहीत. पोळ्या केल्या, कोणी खाल्ल्या नाहीत. भिंतीसमोर उभी राहिले. जिथे सुटल्यासारखं वाटलं तो तुकडा दाबला. जिथे नव्हतं वाटलं तोही दाबला. हे पेपर उलटा धरून वाचत होते, मी सांगितलं नाही. एवढी मोठी मांडलेली गोधडी, आणि फुंकर मारली तर सगळी खाली येईल. टाका नाही तर गोधडी नाही, म्हणाल्या होत्या ना त्या? मी मनात म्हटलं, देवा, मी तुझ्याशी कधी फार बोलले नाही, भांडलेच असेन. पण आज हे नुसते तुकडे राहू देऊ नको.

दुपारी फोन वाजला. विहंगचा नंबर, पण आवाज भागीरथाबाईंचा. त्यांना फोन कानापासून किती लांब धरायचा ते कधीच कळलं नाही, नेहमी ओरडतात.

"विहीनबाई! सुई ओवा!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकलं का? सुई ओवा म्हनतो मी! अन् माह्या वाटची पोळी ठिवजा. आता लेकीच्या घरची खाईन."

फोन बंद झाला. हे खुर्चीतून अर्धे उठलेले. "काय म्हणाल्या?"

"सुई ओवा म्हणाल्या."

"अगं पण मुलगा की मुलगी?"

विचारायचंच राहिलं होतं. "दोघंही बरी असतील तेव्हाच म्हणाल्या ना सुई ओवा," मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. हे डोळे पुसत म्हणाले, "मग आता कूलर लावू?" मी म्हटलं, खबरदार! आधी शिवू द्या.

यंत्र काढलं नाही. पलंगाखालच्या डब्यातून सुई काढली आणि इतक्या दिवसांनी ती उघड्यावर हॉलमध्ये आणली. दोरा ओवायला ह्यांना बसवलं, कारण मला सुईचं नाकं दिसत नव्हतं. सुरुवात कोपऱ्यातून करायची, भागीरथाबाईंची तीच पद्धत. पण मी मधूनच केली. हिरवा आणि त्याच्या शेजारचा हत्ती, दोन तुकडे भिंतीवरून अलगद काढले, तोंडाला तोंड लावून धरले. हिरव्याच्या कडेला सुई टेकवली, तर मी जोर लावायच्या आधीच ती जुन्या भोकातून पलीकडे गेली.